फी विचारण्याआधी ‘अनुदानित आहे का’ ते विचारा: बारावीनंतर कमी खर्चात पदवीपर्यंत

जून-जुलैत कॉलेजच्या खिडकीवर बाप-लेक येतात. लेकीच्या हातात प्लास्टिकची फाईल, बापाच्या खिशात मोजून आणलेले पैसे. पहिला प्रश्न ठरलेला: “साहेब, फी किती?” मी शिष्यवृत्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, पण या प्रश्नाला एका दमात आकडा कधीच सांगता आला नाही. एकाच मजल्यावर दोन वर्ग भरत असतात. डावीकडे बी.कॉम.ची अनुदानित तुकडी, तिथल्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं. उजवीकडे विनाअनुदानित बी.बी.ए., तिथला सगळा खर्च मुलांच्या फीतून निघतो. कॉलेज तेच, ग्रंथालय तेच, कँटीनही तेच. फीत मात्र कित्येक पटींचा फरक.

शिक्षण महाग पडतं ते फीमुळे, असं सगळे म्हणतात. माझ्या टेबलावरून दिसायचं ते थोडं वेगळं. ज्यांची फी माफ होऊ शकत होती अशी कितीतरी मुलं पूर्ण फी भरत होती, कारण एखादा दाखला उशिरा निघाला किंवा मेसेज दुसऱ्याच्याच मोबाईलवर गेला. त्यामुळे हा लेख योजनांच्या यादीपेक्षा क्रमाबद्दल जास्त आहे: आधी काय, मग काय.

पहिलं काम: कोर्स निवडताना स्वस्त वाट शोधा

कॉलेजच्या जाहिरातीत ‘अनुदानित’ हा शब्द क्वचितच ठळक असतो. म्हणून तोंडानं विचारा: ही तुकडी अनुदानित आहे, विनाअनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित? बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या अनुदानित तुकड्या आणि सरकारी कॉलेजं यांच्याइतकं स्वस्त नियमित शिक्षण महाराष्ट्रात दुसरं नाही.

अभियांत्रिकीकडे ओढा असेल आणि घरी पैशाची चणचण असेल, तर दहावीनंतरचा शासकीय तंत्रनिकेतनाचा रस्ता लक्षात ठेवा. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश. मध्ये कुठे थांबावं लागलं तरी हातात डिप्लोमा असतो.

नोकरी सोडता येत नसेल किंवा घरात आजारपण असेल, तर मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ साली. “मुक्तची डिग्री चालते का हो?” हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी यायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, मान्यता असलेल्या कोर्सची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, स्पर्धा परीक्षांनाही चालते. फक्त त्या वर्षी त्या कोर्सला मान्यता आहे ना, ते यूजीसीच्या दूरशिक्षण यादीत बघून घ्या. बोगस विद्यापीठांची यादीही यूजीसी वेळोवेळी काढतं. पाच मिनिटांचं काम आहे.

खासगी व्यावसायिक कॉलेजात जाणार असाल, तर शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची, त्या कोर्सची मंजूर फी बघा. खिडकीवर सांगितलेला आकडा त्यापेक्षा मोठा असेल तर तो लेखी मागा. लेखी मागितला की आकडा पुष्कळदा आपोआप खाली येतो. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घ्यायला १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. तेव्हा ‘डोनेशन’ हा शब्द निघाला की उठायचं.

दुसरं काम: कागद मे महिन्यात

जुलैत सेतू केंद्रावर रांग, सर्व्हर डाऊन आणि तहसीलदार साहेब दौऱ्यावर. मे महिन्यात तेच काम निवांत होतं.

उत्पन्नाचा दाखला साधारणपणे आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, ३१ मार्चला त्याचं आयुष्य संपतं. गेल्या वर्षीचा दाखला लॅमिनेट करून आणणारे पालक मी खूप पाहिलेत. लॅमिनेशन छान असतं, दाखला मेलेला असतो. गावात आधी तलाठ्याचा उत्पन्न अहवाल घ्या, मग महा ई-सेवा केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून अर्ज करा. ‘उन्नत गटात नाही’ असं सांगणाऱ्या नॉन-क्रिमिलेयर दाखल्यावरची ‘वैध’ तारीखही अशीच ३१ मार्च असते, ती वाचून घ्या. बाकी डोमिसाईल म्हणजे रहिवासाचा दाखला, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो जात वैधतेचा कागद. जात प्रमाणपत्र वेगळं आणि वैधता, म्हणजे ते खरं असल्याचा समितीचा निर्वाळा, वेगळी. व्यावसायिक कोर्सच्या राखीव जागेसाठी वैधता लागतेच, आणि ती पडताळणी समितीकडून निघायला महिने जातात. म्हणून अर्ज अकरावी-बारावीतच करायचा. समितीला जुना पुरावा हवा असतो, आणि किती जुना ते प्रवर्गावर ठरतं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे तुमचा दाखला कामाचा नाही. आजोबांचा, पणजोबांचा, चुलत आजोबांचा शोधायचा. आजोबा ज्या शाळेत दुसरीपर्यंत गेले असतील, तिथल्या रजिस्टरातला प्रवेश-निर्गम उतारा सोन्यासारखा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४. चुलत घराण्यात कोणाची वैधता आधीच झाली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. भाऊबंदकीतलं भांडण असलं तरी एवढ्यासाठी त्यांच्या दारात जा.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी ‘श्री’ला आय, आधारवर दोन ई. आईचं नाव एकीकडे ‘संगिता’, दुसरीकडे ‘संगीता’. तुम्हाला ती क्षुल्लक चूक वाटते, संगणकाला ती दोन माणसं वाटतात. दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा आणि आधार, बँक पासबुक, दाखले सगळं तिच्याप्रमाणे करून घ्या. उलट करू नका. गुणपत्रिका बदलण्यापेक्षा आधार बदलणं सोपं.

तिसरं काम: मोबाईल, पासवर्ड, बँक

एक मुलगा फेब्रुवारीत माझ्याकडे आला. शिष्यवृत्ती का आली नाही विचारत होता. लॉगिन करून पाहिलं तर अर्ज नोव्हेंबरातच परत पाठवलेला, शेरा एका ओळीचा: उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट. त्याला मेसेज कसा आला नाही? अर्जात नंबर नेट कॅफेवाल्याचा होता. त्यानं त्या मोसमात शेकडो फॉर्म भरलेले, त्याच्या फोनवर मेसेजचा पूर. पासवर्डही त्याच्याच वहीत. दाखला नीट स्कॅन करायला दहा मिनिटं लागली असती. तोवर मुदत संपून गेली होती.

म्हणून स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल, आणि पासवर्ड स्वतःच्या वहीच्या शेवटच्या पानावर. पदवी होईपर्यंत सिमकार्ड बदलायचं नाही. रिचार्जची ऑफर कितीही गोड असो.

बँकेचं एक गणित बऱ्याच जणांना कळत नाही. ‘खात्याला आधार जोडलंय’ म्हणजे पैसे येतील असं नाही. सरकारी पैसे खातेक्रमांकावर येत नाहीत, आधारवर येतात. आणि ते त्याच खात्यात पडतात जे एनपीसीआय या देशाच्या पेमेंट यंत्रणेच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर लिहिलेलं आहे. तिथे एका वेळी एकच बँक राहते, शेवटी जोडलेली. दहावीत एखादं खातं उघडलं, नंतर पेमेंट बँकेच्या पोऱ्यानं अंगठा घेऊन आणखी एक उघडलं, तर पैसे त्या दुसऱ्यात जातात आणि तुम्ही पहिल्याचं पासबुक भरत बसता. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, कोणती बँक आहे ते दिसेल. ‘इनअॅक्टिव्ह’ दिसलं तर शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा. खातं विद्यार्थ्याच्याच नावाचं हवं, वडिलांचं नको.

चौथं काम: प्रवेश, आणि तो कॅपमधूनच

अभियांत्रिकी, फार्मसी, विधी आणि आता बी.बी.ए.-बी.सी.ए.सुद्धा राज्याच्या सीईटी (प्रवेश परीक्षा) कक्षाच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात. एजंट सांगेल, “कॅपच्या भानगडीत पडू नका, मी सीट पक्की करून देतो.” ती सीट संस्थास्तरावरची किंवा व्यवस्थापन कोट्यातली असते, आणि त्या सीटवर फीमाफी-शिष्यवृत्तीचा दरवाजा बहुतेक बंद होतो. पन्नास हजारांच्या ‘सवलती’साठी चार वर्षांची माफी घालवलेली घरं मी पाहिली आहेत.

पसंतीक्रम भरताना मुलं एक चूक हमखास करतात: ‘मिळेल’ ते कॉलेज वर टाकतात आणि ‘हवं’ ते खाली. यंत्रणा वरून खाली जाते. पहिल्या पसंतीला तुमचे गुण पुरत नसतील तर दुसरी, मग तिसरी. वर मोठं कॉलेज टाकल्यानं खालच्याची शक्यता तिळभरही घटत नाही. उलट, पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर ते पक्कं धरलं जातं, नंतर ‘मला दुसरं हवं होतं’ म्हणता येत नाही. तेव्हा खरंच जायचंय त्या क्रमानं भरा.

या यादीत एक खजिना दडलेला असतो: टी.एफ.डब्ल्यू.एस., ट्यूशन फी माफीच्या जागा. तंत्रशिक्षणाच्या मान्यताप्राप्त कोर्सना मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा अशा असतात. जात कोणतीही असो. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि गुण चांगले हवेत. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, तो यादीत स्वतंत्र टाकला तरच विचार होतो. त्याच कॉलेजच्या साध्या कोडच्या वर हा कोड टाका.

प्रवेश झाल्यावर मूळ कागद कॉलेजात ठेवून घेतले तर? यूजीसीनं २०१८ साली सांगितलंय की संस्थेनं मूळ प्रमाणपत्रं पडताळून परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत. प्रवेश रद्द केल्यावर फी परत करायचंही तेव्हापासून कोष्टक आहे: शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर प्रक्रिया खर्च कापून सगळी, त्या १५ दिवसांच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे शून्य. कॅपच्या जागांना सीईटी कक्षाच्या स्वतःच्या तारखा लागू होतात, त्या माहितीपुस्तिकेत असतात. रद्द करायचा अर्ज तोंडी कधीच करू नका. पोच घ्या, तारखेचा शिक्का घ्या.

पाचवं काम: शिष्यवृत्ती

राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर एकत्र आहेत. तुमची कोणती, ते ढोबळमानानं असं:

- अनुसूचित जाती, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत: मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क.
- खुला प्रवर्ग, ८ लाखांपर्यंत: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. यात साधारण निम्मं शिक्षण शुल्क सुटतं, कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत.
- ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुली, ८ लाखांपर्यंत: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. खासगी विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटा यात नाही.

शेवटच्या योजनेबद्दल पालकांचा एक गैरसमज होतो. ‘मुलींना शिक्षण मोफत’ ऐकून येतात आणि विकास शुल्क, ग्रंथालय, वसतिगृह यांची पावती बघून भांडतात. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे, बाकीचं लागतं. कॉलेजकडून आधी दोन रकाने करून मागा, माफ होणारं आणि भरायचं.

कला-वाणिज्यवाल्यांनो, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची केंद्राची योजनाही बघा. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असाल आणि कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीला वर्षाला १२,००० रुपये. शाखेची अट नाही, नियमित कोर्स हवा. मात्र दोन शिष्यवृत्त्या एकदम घेता येत नाहीत.

फॉर्म ‘सबमिट’ झाला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथला बाबू पुढे पाठवेल तेव्हा विभागाकडे. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघा, आणि फॉर्मची प्रिंट कागदांसकट कॉलेजात स्वतः नेऊन द्या. टेबलाच्या या बाजूनं सांगतो, ज्याचा चेहरा ओळखीचा झाला त्याची फाईल खाली दबत नाही.

शुल्काची रक्कम कधी कधी थेट तुमच्या खात्यात येते. ती कॉलेजची आहे. त्यातून मोबाईल घेतलेल्या मुलांची परीक्षेच्या तोंडावर काय धावपळ होते, ते मी पाहिलंय.

सहावं काम: राहणं-खाणं

गावाबाहेर शिकायला गेलं की फीपेक्षा खोली आणि मेस जास्त खाते. आधी समाजकल्याणच्या किंवा आदिवासी विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज करा. जागा मिळाली नाही तरी अर्ज वाया जात नाही: अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्यासाठीच आहेत. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० आणि तालुक्याला ३८,००० रुपये, थेट खात्यात. राहत्या गावातच कॉलेज असेल तर मात्र नाही. शाहू महाराज शिष्यवृत्तीवाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पैसे उशिरा येतात हे गृहीत धरा. पहिलं सत्र स्वतःच्या हिमतीवर काढायची तयारी हवी.

तिथे ‘कमवा आणि शिका’ कामाला येतं. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेल्या रयत शिक्षण संस्थेनं ही रीत महाराष्ट्राला लावली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह बऱ्याच ठिकाणी ती चालू आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत दिवसाला दोन-तीन तास काम. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच, विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे.

कर्ज सगळ्यात शेवटी. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर एका वर्षानं सुरू होतो, पण व्याजाचा मीटर पहिल्या दिवसापासून पळतो.

सातवं काम: सुटायचं नाही

प्रवेशाच्या वेळी घरचे सगळे बरोबर असतात. गळती लागते ती पहिल्या वर्षाच्या निकालानंतर, गुपचूप. मुलगा दोन विषयांत राहतो, घरी सांगत नाही, कॉलेजात जाणं कमी करतो, आणि मग कुठेतरी डिलिव्हरीचं काम धरतो.

दोन विषय राहिले म्हणजे वर्ष गेलं नाही. ए.टी.के.टी.चा, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षाला जाण्याचा, नियम त्यासाठीच आहे; किती विषय चालतात ते तुमच्या विद्यापीठाच्या परिपत्रकात असतं. निकालानंतर छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत थोड्या दिवसांची असते. एक-दोन गुणांनी राहिलात तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. बेरीज चुकल्याच्या गोष्टी खऱ्या असतात. बॅकलॉगचा परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो, तो आपोआप भरला जात नाही.

शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दरवर्षी. पहिल्या वर्षी मंजूर झाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपसूक येत नाही. नवा उत्पन्नाचा दाखला, नवी गुणपत्रिका, आणि ७५ टक्के हजेरी. ए.टी.के.टी.वर पुढच्या वर्षाला गेलात तर नूतनीकरण करता येतं. नापास होऊन त्याच वर्षात राहिलात तर त्या वर्षाचे पैसे मिळत नाहीत. कोर्स अर्धवट सोडून दुसऱ्याच कोर्सच्या पहिल्या वर्षाला बसायचं डोक्यात असेल, तर आधी शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचारा, मग टीसी काढा.

खरोखरच थांबावं लागलं तर निदान वर्ष पूर्ण करून थांबा, अर्ध्या सत्रात नको. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा आणि तिसऱ्यानंतर पदवी अशी सोय आहे. मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात. ते खातं उघडलंय ना, त्यात सत्राचे क्रेडिट दिसतात ना, हे दर निकालानंतर बघा; दिसत नसतील तर परीक्षा विभागात लगेच अर्ज द्या.

जुन्या पद्धतीतल्यांनाही परत येता येतं. एक बाई नऊ वर्षांनी आल्या, कडेवर मूल, पिशवीत पिवळी पडलेली गुणपत्रिका. तिसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिलेले. अभ्यासक्रम मधल्या काळात बदलला होता, म्हणून विद्यापीठाकडून समकक्ष विषयांचं पत्र आणावं लागलं, दोन खेपा झाल्या. उन्हाळी परीक्षेत दोन्ही विषय सुटले.

पास झाल्यावर बहुतेक जण शेवटच्या सत्राची गुणपत्रिका घेऊन घरी जातात आणि विसरतात. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षांत समारंभाचा अर्ज वेगळा करावा लागतो, थोडं शुल्क भरून, ठरलेल्या मुदतीत. त्या अर्जात स्वतःचं आणि आईचं नाव देवनागरीत लिहायची चौकट असते. ती भरताना घाई करू नका. तिथे जसं लिहाल तसंच प्रमाणपत्रावर छापून येतं.